मंदावलेला बॉयलर

“अहो, नुसत्या उभ्या काय राहिलात? धरा ही टोकं!”

वाफेच्या पडद्याआडून एक हात पुढे आला आणि पांढऱ्या चादरीची दोन टोके तिच्या हाती देऊन गेला. आज कामावर येणारी नवी बाई हीच, असा लाँड्रीच्या त्या तरुण मालकाचा समज झाला होता. तिनेही तो खोडून काढला नाही. चादर दुमडत दोघे एकमेकांकडे चालत आली, टोकांना टोके जुळली, बोटांना बोटे लागली... आणि ती शांतपणे म्हणाली, “मी रुग्णालयाकडून आलेय. तपासणीसाठी.”

त्याच्या हातून चादर निसटली.

लाँड्रीचा निम्म्याहून अधिक धंदा रुग्णालयाच्या चादरींवर चाले, आणि बॉयलर डिझेलवर. डिझेलचे भाव आणखी कडाडले तर ही लाँड्री तग धरील की दार लावून बसेल, हे तिला पारखायचे होते. शेरा प्रतिकूल पडला, तर ते काम हातचे जाणार होते.

आठवडाभर ती येत राहिली. बॉयलर तासाला किती तेल पितो ते पाहावे, उघड्या नळ्यांची धग हाताने जोखावी, प्रश्नांवर प्रश्न विचारावेत...

“डिझेल दीडपट झालं तर काय कराल?”

“थंड पाण्यात धुवायचं, आणि वाळवायचं... तुमच्या रागावर.”

“मी रागावत नाही.”

“मग आमचं कठीण आहे!”

ती हसू दाबत मान खाली घाली. त्याची आई मात्र, जिच्या शब्दावाचून तेथले पानही हलत नसे, इस्त्रीच्या मेजापाशी उभी राहून दोघांना न्याहाळीत असे.

आकडे चांगले निघत होते. फारच चांगले. तरीही तिला शंका येई; कारण हाताला लागणारी प्रत्येक चादर किंचित दमट असे — आणि कारण विचारले की तो नजर चुकवी.

शेवटच्या दुपारी तो तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

“तुम्ही असता तेव्हा आम्ही बॉयलर मंद ठेवतो. तुम्ही गेलात की चादरी पुन्हा वाळवतो. तेल... खूप जास्त लागतं.”

“आणि हे मला आज सांगताय?”

“उद्या तुम्ही येणार नाही. खोटं ठेवून निरोप घ्यायला... जमेना.”

“म्हणजे आठवडाभराचं सगळंच खोटं?”

“तेल खोटं होतं.” तो थबकला. “बाकी... नाही.”

“हुकूम माझा होता,” मागून आई म्हणाली. “रागवायचं तर माझ्यावर रागव, पोरी. त्याला खोटं पचत नाही. चार दिवस धड जेवलासुद्धा नाही.”

“आई!”

“तू गप्प बस.”

तिने हातातली वही मिटली. “हा शेरा मी लिहू शकत नाही. उद्या माझा सहकारी येईल. खडूस आहे. सगळं नव्यानं मोजेल... आणि बहुधा नापास करेल.”

“मग तुम्हीच लिहा ना!”

“मीही नापासच केलं असतं. पण आम्हाला परक्यांचीच तपासणी करता येते. आणि तुम्ही...” शब्द ओठांवरच अडखळले. “तुम्ही आता परके नाही.”

तो एक पाऊल पुढे आला.

“नापास झालो तर?”

“सुधारायला मुदत मिळते. नळ्यांना वेष्टण घाला, वाया जाणारी वाफ अडवा... कदाचित तगेल. खात्री नाही देता येत.”

“मला एकट्याला नाही जमणार.”

“एकट्यानं करा, असं कोण म्हणालं?”

आईने मान वळवली आणि खणखणीत आवाजात फर्मावले, “बॉयलर पुरा पेटवा! उद्या त्या खडूसाला खरं काय ते दिसू दे. आणि तुम्ही दोघं बाजूला व्हा, वाफ अंगावर येईल.”

दोघे बाजूला झाली — एकाच बाजूला.