माथेरानची गाडी कुणी पुसली?

अनमने कॅल्क्युलेटर टेबलावर असा आदळला की प्राची विरलेचा चहा बशीत उतरला.

"तुम्ही डिटेक्टिव्ह ना? मग शोधा. माझी गाडी गेली."

कोपऱ्यात पेंगणारा कमलेश ताडकन उठला आणि त्याने खिडकीतून खाली वाकून बघितलं. त्याची स्वतःची ईको जागेवर होती.

प्राची विरले म्हणजे कर्जत बाजारपेठेतली एकुलती एक खाजगी डिटेक्टिव्ह. बहुतेक काम स्थळांच्या चौकशीचं. मुलगा पितो का, फ्लॅट खरंच त्याच्या नावावर आहे का. कमलेश तिचा मामेभाऊ. गाडी झकास चालवतो. डोकं मात्र कायम पहिल्या गिअरमध्ये.

अनमच्या मागोमाग तिची अम्मी जुबेदा आत आली. दामत गावापासून इथवर मायलेकी भांडतच आल्या होत्या, हे तोंडावरूनच कळत होतं.

"हिला पाणी द्या आधी," जुबेदा म्हणाली. "काल दुपारपासून ही अशीच पेटलीय."

अनमने पाण्याकडे बघितलंही नाही. उभ्यानेच सांगायला लागली.

खालापूरच्या बाजूला, डोंगराखाली, मोठ्या कमानीची एक शाळा आहे. तिथे आसपासच्या गावांतल्या एका मुलीला फी माफ असते. बारावीत ती जागा अनमची. काल, शुक्रवारी, गणिताची प्रिलिम झाली. पेपर संपल्यावर प्रिन्सिपल मॅडमनी अचानक सगळ्यांचे कॅल्क्युलेटर तपासले आणि अनमच्या मशीनमध्ये त्याच पेपरची उत्तरं सापडली. मग अख्ख्या शाळेला मैदानात उभं करून गणिताच्या निमकर सरांनी तिचं नाव घेतलं. म्हणाले, फुकट मिळालं की असंच होतं. सोमवारी कमिटी बसणार. कमिटीने शाळेतून काढून टाकलं तर यंदा बोर्डाला बसता येणार नाही. वर्ष गेलं, आणि ती जागाही.

"आणि गाडी?" प्राचीने विचारलं.

तेव्हा कुठे अनम खुर्चीत बसली. हे मशीन साधं नव्हतं, ग्राफ काढणारं होतं. त्याला केबलने कॉम्प्युटर जोडायचा, एक सॉफ्टवेअर उघडायचं, इंटरनेटवरून हवा तो प्रोग्रॅम उतरवायचा आणि मशीनमध्ये पाठवायचा. अनमने स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला होता. दामतहून दिसतो तसा माथेरानचा डोंगर पडद्यावर उमटायचा आणि त्यावरून ठिपक्यांची छोटी गाडी वळणं घेत चढायची. तो तिने इंटरनेटवर ठेवलाही होता. ब्राझीलमधल्या एका पोराने तो उतरवून घेतला आणि कळवलं की गाडी फार हळू जाते. खरीसुद्धा हळूच जाते, असं अनमने त्याला उलट ठणकावलं होतं.

"आता यात माझं काहीच नाही. गाडी नाही, खेळ नाहीत. एल आणि डब्ल्यू या अक्षरांत कसलेतरी आकडे साठवलेत, तेही माझे नाहीत. मशीन डिग्रीवर होतं ते वेगळंच."

कमलेशचा चेहरा बघून तिने समजावलं. कोन मोजायच्या दोन पद्धती, डिग्री आणि रेडियन. मशीनला आधी सांगून ठेवावं लागतं. वर्गात पहिल्या दिवसापासून सगळ्यांची मशीनं रेडियनवर. काल पेपरात पहिलंच उत्तर भलतं आलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"पेपराच्या आदल्या रात्री मशीन कुठे होतं?"

आदल्या दिवशीच सगळ्यांनी लॅबमध्ये जमा केली होती. मशीनं सारखीच, नाव फक्त वरच्या सरकत्या झाकणावर. सकाळी अनमच्या नावाच्या झाकणाखाली दुसरंच मशीन निघालं. तिच्या मशीनचं पाचचं बटण सैल आहे, त्यामुळे तिने लगेच ओळखलं. तिचं मशीन ऋषिकेशच्या झाकणाखाली होतं.

"मी मागितलं. तो देईना. मग मी हिसकावून घेतलं."

"हिचा हात तोंडाच्या आधी चालतो," जुबेदा म्हणाली.

दुसऱ्यांदा हिसकावलं ते निमकर सरांच्या हातातून. उत्तरं सापडल्यावर मॅडमनी पडद्याचा फोटो काढला, आणि सर म्हणाले, आता मी याची मेमरी साफ करतो. अनम मशीन घेऊन सरळ पळाली.

कमलेशने मान डोलावली. "मग शाळेचंच बरोबर हाय की. उत्तरं त्यात होती म्हणून तर वढून घेतलंस."

अनम त्याच्याकडे अशी बघायला लागली की तो ईको पुसायला खाली गेला.

"सगळे हेच म्हणणार," प्राची म्हणाली. "चला, शाळेत जाऊ."

लॅब सांभाळणारा ओवेस आधी बोलायलाच तयार नव्हता. अनमला ते सॉफ्टवेअर त्यानेच शिकवलं होतं, आणि कालपासून सगळे त्याच्याकडेही संशयाने बघत होते. कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक त्याच्याकडे, एक निमकर सरांकडे. मशीनं जमा करून घेताना तो झाकणं काढून प्रत्येकाचे सेल बघतो आणि झाकणं परत लावतो. अदलाबदल झाली असेल का, असं विचारल्यावर त्याने मान खाली घातली. ढिगातून उचलताना होते कधीकधी, म्हणाला.

"अनमने गुरुवारी लॅबच्या कॉम्प्युटरवरून काही पाठवलं होतं?"

"कसं पाठवणार? गुरुवारी दुपारपासून लाइटच नव्हती. लाइट आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, पेपर सुरू झाल्यावर."

सरही हेच सॉफ्टवेअर वापरतात का, असं प्राचीने विचारलं. ओवेसला हसू आलं. सर कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला एक मशीन तयार करतात आणि खिशातली छोटी केबल लावून एकातलं सगळंच्या सगळं दुसऱ्यात ओततात. दुसऱ्यातलं आधीचं पुसलं जातं. पोरं बोंबलतात, आमचे खेळ गेले म्हणून. एकेक फाइल निवडूनही पाठवता येते, हे ओवेसने त्यांना कितीदा सांगितलं होतं.

ऋषिकेश मैदानाच्या कठड्यावर बसला होता. त्याचे वडील शाळेचे ट्रस्टी, आणि सोमवारच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. पेपर कसा गेला, एवढंच प्राचीने विचारलं, तर तो फणकारला.

"वाट लागली. पेपराआधी ती अंगावर आली ना माझ्या. मी सांगत होतो, पेपर झाल्यावर बदलू. ऐकायलाच तयार नव्हती. ह्या लोकांना मॅनर्स नाहीत."

"कुठल्या लोकांना रं?" कमलेशने विचारलं. त्याचा आवाज इतका थंड होता की प्राचीने वळून बघितलं. ऋषिकेश कठड्यावरून उतरून चालता झाला.

निमकर सर शिक्षकांच्या खोलीत कागदावर छप्पर आखत बसले होते. फार्महाउसांवर सोलर पॅनेल बसवायचा त्यांचा जोडधंदा होता. बोलता बोलता त्यांनी खिशातून स्वतःचं मशीन काढलं. मापं यातच साठवून ठेवतो, म्हणाले, दर वेळी कोण लिहीत बसणार. तीन-चार बटणं दाबून त्यांनी कागदावर आकडा टाकला. अठरा अंश.

अनमबद्दल त्यांना दुःख वाटत होतं, असं ते म्हणाले. हुशार, पण तापट. पेपर त्यांनीच काढला होता आणि उत्तरं लॅबच्या कॉम्प्युटरवर ठेवली होती, ही त्यांची चूक. गुरुवारी संध्याकाळी तिने तिथूनच ती मशीनमध्ये घेतली असणार. डाउनलोडिंगमधली एवढी हुशारी दुसऱ्या कुणाकडे आहे?

परत जाताना कमलेशने चौक गावाजवळ गाडी हळू केली. मग म्हणाला, "ओवेसच असल. किल्ली त्याच्याकडं, झाकणं त्याच्याकडं."

"कमलेश, गाडी चालव."

सोमवारी कमिटीच्या खोलीत मधोमध ऋषिकेशचे वडील बसले होते, एका बाजूला प्रिन्सिपल मॅडम, दुसऱ्या बाजूला निमकर सर. ओवेस आणि ऋषिकेश भिंतीला टेकून. डिटेक्टिव्हचं इथे काय काम, असं अध्यक्षांनी विचारलं. जुबेदा म्हणाली, मुलीच्या बाजूने कोण बोलणार ते मी ठरवणार. प्राची बोलायला उभी राहिली.

"उत्तरं चोरायची तर एक फाइल पुरते. अनमला एक फाइल निवडून पाठवता येते. तिचा प्रोग्रॅम परदेशातली पोरं वापरतात. मग तिने पेपराच्या आदल्या दिवशी स्वतःचं सगळं का पुसलं? मशीन डिग्रीवर का टाकलं? तिने काहीच केलं नाही. तिच्या मशीनमध्ये दुसऱ्या कुणाचं अख्खं मशीन ओतलं गेलं."

"लॅबच्या कॉम्प्युटरवरून," निमकर म्हणाले.

"तुम्ही तर कॉम्प्युटरला हातही लावत नाही, सर. आणि गुरुवारी दुपारपासून लाइट नव्हती. कॉम्प्युटर बंद होता. म्हणजे मशीनमधून मशीनमध्ये, छोट्या केबलने. असं सगळंच्या सगळं ओतायची सवय इथे एकाच माणसाला आहे. कपाटाची किल्ली त्याच्याकडे आहे. पेपर त्याने काढलाय. सगळी पोरं रेडियनवर असताना त्याचं मशीन डिग्रीवर असतं, कारण त्याला छपरांचा उतार काढायचा असतो. आणि पुरावा हातात आल्याबरोबर तो आधी पुसायला निघाला."

अध्यक्षांनी मान वळवून निमकरांकडे बघितलं.

"मूर्खपणा आहे हा," निमकर म्हणाले. "मी हिच्या मशीनमध्ये उत्तरं कशाला टाकीन?"

"हिच्यात टाकायची नव्हतीच. तुम्ही झाकणावरचं नाव बघितलंत. झाकण ऋषिकेशचं होतं. आत मशीन अनमचं होतं. सकाळी तेच मशीन ऋषिकेशला मिळालं. सैल बटणाचं, दुसऱ्याचं मशीन, तरी तो म्हणाला पेपर झाल्यावर बदलू. ज्याला त्यात काय आहे ते माहीत नाही, तो आपलं चांगलं मशीन लगेच मागून घेईल. पण तिने ते हिसकावलं, आणि तुमची मेहनत वाया गेली."

"पुरावा?" अध्यक्षांनी विचारलं. आवाज चढलेला होता.

प्राचीने अनमकडे बघितलं. अनमने मशीन सुरू करून आकडे वाचले. "एलमध्ये अकरा दशांश आठ पाच. डब्ल्यूमध्ये सहा दशांश चार."

"आता सरांचं."

निमकरांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. प्रिन्सिपल मॅडमनी टेबलावरून तळवा पुढे केला. "द्या, सर."

मॅडमनी बटणं दाबली. पडद्यावरचे आकडे दोनदा वाचले. मग मशीन सगळ्यांना दिसेल असं धरलं. अकरा दशांश आठ पाच. सहा दशांश चार.

कमलेशला आता कुठे उजेड पडला. "उत्तरं पुसली, पन छपराची मापं तशीच ठेवली. काम चालू हाय ना अजून. कुनाचं छप्पर हाय हे?"

उत्तर आलं ते भिंतीकडून.

"आमचं," ऋषिकेश ओरडला. "आमच्या फार्महाउसचं. माझ्याकडे काय बघताय? सर म्हणाले होते, तू काळजी करू नको, झाकणावर नाव बघून टाकतो. साधं एक काम जमलं नाही."

"ऋषिकेश, गप्प बस," त्याचे वडील म्हणाले. पण ते आधी म्हणायला हवं होतं.

निमकरांनी बचाव केला नाही. पोरगा नापास झाला असता तर कंत्राट गेलं असतं, एवढंच पुटपुटले. पुढची दोन फार्महाउसंही ट्रस्टींच्या ओळखीतली होती.

मग अध्यक्षांचा आवाज एकदम मऊ झाला. अनमवरचा आरोप मागे घेतो, म्हणाले. जागा तिचीच. पेपर पुन्हा घेऊ. निमकर आजच राजीनामा देतील. शाळेचं नाव मोठं आहे, तेव्हा हे प्रकरण या खोलीतच मिटवू.

जुबेदा उठली. "शुक्रवारी माझ्या पोरीला चोर म्हणालात ते सगळ्या शाळेपुढं. खरं मात्र दार लावून सांगताय? अनम, तुला चालंल?"

"नाही," अनम म्हणाली.

"मग पुन्हा पेपर देता येणार नाही," अध्यक्ष म्हणाले.

"नका घेऊ. मी इथेच बसते. बाहेर माझं नाव कसं घेतलं होतं, तसंच घ्या. तोवर उठणार नाही." तिने हाताची घडी घातली. जुबेदा लेकीच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. कमलेशलाही बसायचं होतं, पण खुर्ची उरली नव्हती, म्हणून तो दारात उभा राहिला, आणि दार अडलं.

प्रिन्सिपल मॅडमनी अध्यक्षांकडे बघितलं नाही. त्यांनी दोन्ही मशीनं उचलली, कमलेशला बाजूला व्हायला सांगितलं आणि व्हरांड्यात जाऊन स्वतःच्या हाताने घंटा बडवली. तास संपायला अवकाश होता. तरी एकेका वर्गाचं दार उघडायला लागलं.

"चला, निमकर सर," मॅडम बाहेरून म्हणाल्या. "माइक तुम्हीच घ्यायचाय."