तपासून घेतलेला दोर

दुष्काळी कामावरच्या विहिरीचा दोर तुटला आणि मजूर जोतीराम पन्नास हात खाली पडून जागीच गेला. दोर तपासून पसंत केल्याच्या कागदावर सही होती एकनाथची.

सोलापूरच्या सरकारी कोठाराचा हा कारकून धास्तीने दोन दिवस जेवला नव्हता. उद्या चौकशी, परवा तुरुंग. शेवटी त्याने खासगी तपास करणारे शिवयोगी हिरेमठ यांना गाठले. दुपारी ते, त्यांचा सोबती निवृत्त हवालदार ज्ञानबा आणि एकनाथ विहिरीवर पोचले.

दोर पुरवणारा गुरुबसप्पा नवा दोर गाडीत घालूनच आला होता. “माझा दोर चार पदरी असतो, रावसाहेब. ह्यांनी ओझं टांगून दोन्ही दोर पारखले की.”

शिवयोगींनी एकनाथजवळचा मोहोरबंद नमुना पाहिला. चार पदर. मग तुटलेल्या दोराचा पीळ उलगडला. तीनच पदर. आतून काळा, बुरसट वास.

ज्ञानबा विहिरीत डोकावला. “एवढं खणलं, पर टिपूस न्हाय.”

“इथली जमीनच करंटी,” कामावर देखरेख करणारे ओव्हरसियर गंगाधरपंत म्हणाले. “मंगळवेढ्याला माझ्या विहिरीला बारमाही पाणी.”

“दोर कोठारातून कधी निघाले?” शिवयोगींनी विचारले.

“सोमवारी सकाळी, पंतांच्या गाडीतून,” एकनाथ पुटपुटला. “इथली पोच गुरुवारची आहे.”

“बैल लंगडला,” पंत म्हणाले. “गाडी थेट इथंच आली.”

“कोठारापासून इथवर तीन तासांची वाट,” शिवयोगी शांतपणे म्हणाले. “मंगळवेढ्याला जाऊन यायला मात्र तीन दिवस पुरतात. हा दोर तीन पदरी, म्हणजे एकनाथांनी पारखलेला नव्हेच. आणि तो पाण्यात कुजलाय, कोरड्या विहिरीत नव्हे. नवे दोर तुमच्या मळ्यात आहेत, पंत. तुमचे जुने इथं आले.”

“बैलाचं मलाबी पटलं व्हतं,” ज्ञानबा ओशाळून म्हणाला.

पंतांचा चेहरा उतरला. एकनाथला मात्र हायसे वाटले नाही. तो पंतांकडे वळला.

“दोर दोन होते. दुसरा कुठं आहे?”

पलीकडच्या विहिरीवर रहाट कुरकुरत होता. खाली चार माणसे होती.

“माझ्या लेखी हुकमाशिवाय काम थांबणार नाही,” पंत म्हणाले.

एकनाथ धावत सुटला. “रहाट थांबवा. त्या दोराला कोणी हात लावू नका.” गुरुबसप्पाचा नवा दोर त्याने स्वतःच्या हाताने चढवला. त्याची ना तपासणी झाली होती, ना नोंद.

एक आला. दुसरा. तिसरा. एकनाथची नजर दोरावरच होती.

चौथा म्हातारा वर आला आणि डोळे चोळत म्हणाला, “आज लवकर सुट्टी का वं?”

एकनाथ त्याचा दंड घट्ट धरून उभा राहिला.