पुसण्याची परवानगी

हिरवं, काटेरी पाणी. मोगऱ्याच्या तेलाचा वास. कुणाच्याशा दारावर कडुलिंबाचा डहाळा. सुटलेला ओला हात.

कुमुदबाई बोरकुटेंच्या कपाळावरची पट्टी त्यांच्या आठवणी पडद्यावर मांडत होती. आताशा लोक कपाट आवरावं तसं मन आवरत. आपल्या नावानं स्मृतिकोशात शिरायचं, नको ती नोंद पुसायची. दुसऱ्याच्या नोंदीला मात्र हात लावता येत नसे.

"आधी एखादी बिनकामाची पुसून बघा. सरावाला," डॉ. इरावती खानझोडे म्हणाल्या.

कुमुदबाईंनी डहाळा पुसला.

मग खरी नोंद. लहानपणी, तळ्यात शिंगाडे काढताना, धाकट्या बहिणीचा, बेबीचा हात त्यांच्या हातून सुटला होता आणि ती बुडाली होती. आता नात ओवी रस्त्यात हात पुढे करी, आणि यांचा हात लाकूड होई. लेक म्हणाली होती, "आई, हे निपटव. नाहीतर पोरीला तुझ्याजवळ सोडणार नाही."

त्यांनी बोट टेकवलं. पडद्यावर उमटलं : ही नोंद आपली नाही.

"मशीन बिघडली काय?"

"नाही, मावशी. आठवण पहिल्यांदा ज्या मेंदूत उमटते, त्याचा ठसा तिच्यावर राहतो. तीच गोष्ट कुणी वर्षानुवर्षं ऐकवली, तर ती ठशासकट ऐकणाऱ्यात रुजते. तिला आम्ही कलमी आठवण म्हणतो. हिच्यावर तुमच्या आईचा ठसा आहे."

"पण हात तर मी सोडला. आई वेणी घालताना नेहमी सांगायची. तू सोडलास, पण मी रागावले नाही, म्हणायची."

"त्या वेण्यांच्या नोंदी तुमच्या आहेत. त्या पुसता येतील."

"मग हात जाईल?"

"नाही. तो फक्त आईच पुसू शकतील."

"ती तर कधीच गेली."

"हो. वेण्या पुसल्यात, तर हे कुणी सांगितलं, तेवढंच आठवणार नाही."

कुमुदबाई पडद्याकडे वळल्या. "मग तेव्हा मी होते कुठे?"

"तुमच्या नोंदींत शोधू."

शोधलं. सापडलं नाही. वेण्या त्यांनी राहू दिल्या.

बाहेर ओवीनं हात पुढे केला. कुमुदबाईंनी पिशवी दोन्ही हातांनी धरली.

बेबी बुडाली त्या दिवशी कुमुदला गोवर निघाला होता. ती पवनीला मामाकडे होती, आणि मामानं दारावर कडुलिंबाचा डहाळा टांगला होता.