शेंद्र्याच्या माळावरचे ठोके

ज्यांना पटणार नाही त्यांनी पटवून घेऊ नये, पण हे घडलंय. मे २००९. शुक्रवार, भर दुपारचे बारा. शेंद्र्याचा माळ.

औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांना शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी. माळ चिडीचूप.

भूवैज्ञानिक सदाशिव गारखेड्याहून आले होते. एका नव्या कारखान्याच्या पायासाठी कातळ किती खोल आहे, ते शोधायचं होतं. पद्धत साधी. जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवायची, तिच्यावर घण हाणायचा. रांगेनं खोचलेले सेन्सर खालून परतणारा हादरा टिपतात. एका घावात वाऱ्याचा, ट्रकचा गोंगाटच फार. म्हणून एकाच जागी दहा घाव मारून त्यांची बेरीज करायची. गोंगाट विरतो. दर घावाला ठरल्या क्षणी जे परत येतं, तेवढंच उरतं.

घण कडूबाच्या हातात. शेंद्र्याचाच गडी.

दहा घाव झाले. लॅपटॉपवर कातळ दिसला. चार मीटर.

आणि त्याच्याही खाली... आणखी एक ठोका. बारा मीटरवर. कातळापेक्षा मोठा.

"सायेब," कडूबा म्हणाला, "खालून कोनतरी मारतंय. तळपायाला लागतंय."

"मारू दे. तो कुठं हजेरीचे पैसे मागतोय?"

"तसं नाय. मी मारतो तवाच मारतंय. घरी दोन लेकरं हायेत माझी, बास करा."

"अरे, म्हणूनच सिग्नल इतका झकास आलाय. अजून दहा."

कडूबानं देवाचं नाव घेतलं, हळू आवाजात सदाशिवांच्या आईचंही घेतलं, अन् घण उचलला.

या दहांत तो ठोका सहा मीटरवर आला.

अडाणी माणसानं सामान गुंडाळलं असतं. सदाशिव शिकलेले होते. म्हणाले, "अजून दहा."

कडूबानं घण डोक्यावर नेला...

घण हवेतच होता.

स्क्रीनवर घाव उमटला.

प्लेट खालून उडाली ती थेट कडूबाच्या जबड्यावर. दात केबलवर सांडले. तो पालथा पडला, आणि जमीन त्याला खालून हाणू लागली. छातीत. पोटात. परत छातीत. दर ठोक्याला अंग वीतभर उडायचं. बरगड्या मोडल्याचा आवाज सेन्सरनी एकदम स्वच्छ टिपला.

सदाशिवांनी पाय धरून त्याला ओढलं.

ठोके मागोमाग आले...

दहा. सवयीनं मोजले गेले.

मग सगळं गप्प.

दवाखान्याच्या वाटेवर कडूबा जीपमध्येच गेला. पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं, 'घण निसटून अपघात'.

तेराव्याला त्याची बायको सारजाबाई एवढंच म्हणाली, "घण तर त्यांच्याच हातात व्हता. मंग मारणारा कुठं हाय, सायेब?"

सदाशिवांकडं आकडा होता. पहिल्या दहांत बारा मीटर. दुसऱ्या दहांत सहा.

तिसऱ्यात शून्य.

ते चहा अर्धाच ठेवून उठले.

कारखाना तिथंच उभा आहे. सदाशिव हल्ली तिसऱ्या मजल्यावर राहतात. तरी खुर्चीत पाय वर घेऊनच बसतात.