गांठिया नावाचा हेर

"अगं, नको चालू करूस! पुन्हा बोंबलेल तो!" कीर्तन ओरडला, पण तोवर त्याच्या आतेबहिणीने, धृतीने बटण दाबलं होतं.

पों! पों! पों! कॉम्प्युटरचा पडदा लालभडक झाला. मधोमध एक ढाल आली आणि तिच्याखाली इंग्रजी अक्षरं नाचू लागली. 'सावधान! तुमच्या कॉम्प्युटरमध्ये २१७ हेर शिरले आहेत! त्यांना पळवून लावण्यासाठी गार्ड मास्टर आत्ताच विकत घ्या!'

"दोनशे सतरा? काल दोनशे तीन होते!" कीर्तन म्हणाला. "रात्रीतून चौदा पाहुणे आले वाटतं!"

धृती हसली नाही. राजकोटहून दिवाळीच्या सुट्टीत मांडवीला मामांकडे आल्यापासून ती एकदाही हसली नव्हती. बाहेर ओसरीवर नाना, म्हणजे तिच्या आईचे वडील, आरामखुर्चीत बसले होते. वेलजी मालम, म्हणजे गलबताला वाट दाखवणारे! चाळीस वर्षं त्यांनी शिडाची गलबतं मस्कत आणि झांझिबारपर्यंत नेली होती, तीही नुसत्या ताऱ्यांच्या आणि वाऱ्यांच्या भरवशावर. श्रावणात त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली.

पण त्याआधी, मे महिन्यात धृतीने याच कॉम्प्युटरला माइक जोडून नानांना बोलतं केलं होतं. कोणता तारा कुठे उगवला की गलबत कुठे वळवायचं, वादळात शीड कसं उतरवायचं, सगळं! चौदा दिवसांचे, टिपून ठेवलेले चौदा आवाज. ते या लाल पडद्यामागे अडकले होते. काहीही उघडायला गेलं की ढाल यायची आणि म्हणायची, 'ही फाइल धोकादायक आहे!'

"मामा, तेवढे आवाज दुसरीकडे उतरवून घेऊ या ना!" धृती गयावया करत म्हणाली.

खीमजीमामा दुकानात निघाले होते. बंदरावर त्यांचं दोरखंडाचं दुकान होतं. "नाही दीकरा. दुरुस्तीवाला हसमुखभाई म्हणाला, उतरवलं तर रोगही बरोबर येतो. चार वाजता येतोय तो. सगळं पुसून कोरं करून देईल."

"सगळं पुसून? नानांचे आवाजसुद्धा?"

मामांनी चप्पल पायात घातली, पुन्हा काढली. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "त्यातले नऊ तर मीच काढून टाकले."

"काय?"

"यादीत त्यांची नावं येत होती गं! 'अतिधोकादायक' म्हणून! मला वाटलं, ते काढले की बाकीचं वाचेल. कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली."

धृती तिथेच खाली बसली. मामा निघून गेले. ओसरीवर नानांनी मान वळवून आत पाहिलं. त्यांना सगळं ऐकू येत होतं. बोलता तेवढं येत नव्हतं.

तेवढ्यात शेजारची सकीना आली. तिचे अब्बा रुक्मावती नदीच्या काठावर गलबतं बांधायचे. ती शाळेच्या कॉम्प्युटर खोलीतच जास्त सापडायची.

"साल मुबारक!" अशी नव्या वर्षाची शुभेच्छा देत ती दारात थबकली. "कोण मेलं इथे?"

"नऊ आवाज," कीर्तन म्हणाला. "उरलेले पाच चार वाजता मरणार."

सकीनाने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ खुर्चीत बसली. लाल यादी वरपासून खालपर्यंत वाचत गेली. मग तिने मागची इंटरनेटची तार उपटली.

पों! पों! 'इंटरनेटवरून आत्ताच आणखी सहा हेर शिरले!'

"अरे वा!" सकीना म्हणाली. "तार माझ्या हातात आहे. मग हे सहा जण कुठून आले? खिडकीतून?"

"आणि हे बघ!" कीर्तन पुढे झुकला. "हा हेर 'ई' कप्प्यात लपलाय म्हणे. या कॉम्प्युटरला 'ई' कप्पा आहेच कुठे? 'सी' आणि 'डी', संपलं!"

धृतीने डोळे पुसले. "पण नानांच्या फाइली तर खऱ्या होत्या. त्यांची नावं यादीत कशी आली?"

"बघू या," सकीना म्हणाली. "कीर्तन, पडद्यावर एक नवी फाइल तयार कर. आत काही लिहू नकोस. अगदी कोरी."

"नाव काय देऊ?"

"तुझ्या तोंडात आहे ते!"

"गांठिया," कीर्तन तोंडातला घास गिळत म्हणाला आणि त्याने टकटक करून नाव दिलं. मग त्यांनी ढालीला सगळं पुन्हा तपासायला लावलं. हिरवी पट्टी सरकली. लाल यादी आली. तिसऱ्याच ओळीत होतं, 'गांठिया – अतिधोकादायक हेर!'

"आईशप्पथ! कोऱ्या कागदात हेर?" कीर्तन टाळ्या पिटत ओरडला. "अरे, हा तर लबाड आहे! चोरच पोलिसाचा डगला घालून बसलाय! दिसेल त्याला हेर म्हणतो!"

धृतीने टाळी वाजवली नाही. "म्हणजे नानांच्या आवाजात काहीच नव्हतं," ती हळूच म्हणाली. "मामांनी चांगलेच आवाज फेकले. उगाच."

सकीनाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पाच आहेत अजून," ती म्हणाली. "आणि तीन वाजलेत. ऊठ!"

लबाडाला हाकलणं मात्र सोपं नव्हतं. काढून टाकायच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. चालू कार्यक्रम बंद करायची खिडकी उघडली की तो ती बंद करायचा. बाहेर जायचं बटण दाबलं तर आणखी मोठ्याने बोंबलायचा.

"आमच्या कॉम्प्युटरच्या टीचर नफीसाबेन सांगतात," सकीना म्हणाली, "घरात गुंड असेल तर तो झोपेत असताना शिरायचं. कॉम्प्युटर सुरू होताना एफ-आठ दाबत राहिलं की फक्त गरजेपुरत्याच गोष्टी जाग्या होतात."

पहिल्यांदा बटण उशिरा दाबलं गेलं. ढाल हजर! दुसऱ्यांदा कीर्तनच्या कोपराने भलतंच बटण दाबलं गेलं. ढाल पुन्हा हजर! साडेतीन वाजले. तिसऱ्यांदा धृतीने स्वतः बोट ठेवलं आणि टक टक टक दाबतच राहिली. पडदा काळा झाला. पांढऱ्या अक्षरांची यादी आली. सकीनाने एक ओळ निवडली. मोठ्ठाली, बटबटीत चित्रं उमटली. कुणी बोंबललं नाही. ढाल आली नाही.

"श्श!" सकीना कुजबुजली, जणू तो खरंच झोपला होता. "मामींना विचार, हे कधी सुरू झालं?"

रतनमामी स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "बेसत्या वर्षाच्या सकाळी, पाडव्याला! कुणीतरी कॉम्प्युटरवर पत्र धाडलं होतं ना, शुभेच्छांचं चित्र बघा म्हणून. यांनी बघितलं, आणि तेव्हापासून ही पोंपों!"

म्हणजे अठरा तारीख! त्यांनी त्या दिवशी कॉम्प्युटरवर आलेल्या सगळ्या फाइली शोधल्या. मामींच्या भाच्याचे फोटो होते, दुकानाचं एक पत्र होतं, आणि एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये नुसते आकडेच नाव असलेली एक फाइल होती. तिच्यावर छोटीशी ढाल होती.

"सापडलास!" कीर्तन म्हणाला.

तेवढ्यात फाटक वाजलं. हसमुखभाई दुरुस्तीची पेटी घेऊन दारात उभा होता, आणि त्याच्यामागे मामा. चारला अजून दहा मिनिटं होती!

"चला पोरांनो, बाजूला व्हा. तासाभरात नवा कोरा करून देतो."

धृती उठली आणि कॉम्प्युटरच्या खोक्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसली. "नाही! याला कुणी हात लावायचा नाही!"

"धृती, हट्ट पुरे!" मामा हात उगारून ओरडले.

"मामा, तुम्ही नऊ पुसलेत," ती म्हणाली. "पाच मी नाही पुसू देणार."

मामांचा उगारलेला हात खाली आला. ओसरीवर काठी आपटली. एकदा, दोनदा. नाना होते. त्यांनी डाव्या हाताने हसमुखभाईला थांबण्याची खूण केली.

सकीनाने वेळ घालवला नाही. तो फोल्डर उडवला, सुरुवातीलाच जागं व्हायच्या यादीतून ते आकडे काढले आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. सगळे पडद्याकडे बघत राहिले.

निळा पडदा. शांतता. कोपऱ्यात कोरी 'गांठिया' तेवढी पडून होती.

"गेला!" कीर्तनने उडी मारली.

हसमुखभाईने खुर्ची ओढली आणि पोरांकडून सगळं ऐकलं. मग स्वतःचे कान पकडून म्हणाला, "या महिन्यात असे सात कॉम्प्युटर मी पुसले. सात! लोकांचं काय काय गेलं असेल! एकदाही तपासलं नाही. शाबास रे पोरांनो, मला शिकवलंत!"

"ते नऊ परत येतील?" धृतीने विचारलं.

तो पाऊण तास खटपट करत राहिला. पुसलेल्या फाइलींची नावं सापडली, नऊच्या नऊ. उघडल्यावर मात्र नुसती खरखर आली. "मधल्या दिवसांत त्या जागेवर दुसरं लिहिलं गेलंय, दीकरा," तो खाली बघत म्हणाला. उरलेले पाच आवाज त्याने दोन तबकड्यांवर उतरवून दिले.

मामा धृतीजवळ आले. "तू होतीस म्हणून एवढे तरी वाचले. माझ्यासारख्या मूर्खाने तर..." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. धृतीने मान हलवली. तिचा राग गेला नव्हता, पण तिने त्यांचा हात झिडकारलाही नाही.

नानांची खुर्ची आत आणली. धृतीने पहिला आवाज लावला. "सोकोत्रा बेट डाव्या हाताला ठेवायचं, बरं का..." खोलीभर नानांचा खणखणीत, खारा आवाज घुमला. खुर्चीतल्या नानांचे ओठ हलत होते. मामी पदराने तोंड झाकून आत गेल्या.

पाचवा आवाज संपला, तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं. नानांनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर टकटक केलं.

"पाणी हवंय का?" मामांनी विचारलं.

"नाही," सकीना म्हणाली. "पुन्हा लावा म्हणतायत."

धृतीने पुन्हा पहिल्यापासून लावलं. पाचच होते, पण तिने पाचही लावले.