पंखा गप्प झाला की जा

यि-रोंगला त्या दुपारी फक्त एक शब्द हवा होता. "जा." बस्स. खण रिकामा झाला होता, बॅग टेबलाखाली भरून ठेवली होती. संध्याकाळच्या गाडीने थायनान गाठायचं, आजीपाशी वाढणाऱ्या सहा वर्षांच्या लेकीला कुशीत घ्यायचं आणि थाओयुआनच्या या लॅपटॉप कंपनीचं तोंड पुन्हा बघायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं होतं. पण "जा" म्हणायचं होतं काओ साहेबांनी. थायनानची नवी कंपनी त्यांच्याच ओळखीतली. त्यांनी फोनवर एक वाकडा शब्द टाकला की सगळं मुसळ केरात.

काओ साहेबांनी मानही वर केली नाही. जीभ टाळूला लावून "च्च" केलं. ही त्यांची सवय. माणूस समोर आला की आधी च्च, मग बोलणं.

"पंखा गप्प झाला?"

"साहेब, आज माझा शेवटचा..."

"पंखा गप्प झाला की जा."

हेच वाक्य त्यांनी वसंतात लो थिंग-आनला ऐकवलं होतं.

लो तिच्याच कॉलेजातला, दोन वर्षं पुढचा. तिला नावाने कधी हाक मारायचा नाही, "धाकटे" म्हणायचा. लॅपटॉप किती तापला की पंख्याने किती पळायचं, हे ज्या फर्मवेअरमध्ये लिहिलेलं असतं, ते त्यानेच लिहिलं होतं. पंखे आवाज करतात म्हणून ओरड झाली. काओंनी त्याला तळघरातल्या, आवाज मोजायच्या शांत खोलीत बसवलं आणि तो तिथेच, खुर्चीत, छातीत कळ येऊन गेला.

त्यानंतर त्या मॉडेलचे पंखे वेगळेच वाजू लागले. हळूहळू चढायचे, मध्येच थांबायचे, मग हिसका देऊन उतरायचे. यि-रोंगने काय नाही केलं? चढायचं तापमान आणि उतरायचं तापमान यांतलं अंतर वाढवलं. पंखा घुटमळत असेल तर तेवढ्याने थांबतो, कुणीही सांगेल. हा थांबला नाही. शेवटी वैतागून तिने पंखा एकाच वेगावर बांधून टाकला. आकडा पडद्यावर जागचा हलेना, आणि आवाज मात्र चढतोय, थांबतोय, उतरतोय. गिऱ्हाइकांच्या तक्रारींत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. यात कुणीतरी श्वास घेतंय.

ती पायऱ्या उतरून तळघरात गेली. शांत खोली सांभाळणारी श्यू-लान ताई दाराशी स्टुलावर बसून डबा खात होती. दार हातभर जाड, उघडायचं ते बाहेरूनच. आत भिंती, छत, जमीन सगळीकडे फोमची टोकंच टोकं, त्यांच्यावर ताणलेल्या तारांच्या जाळीवर एक खुर्ची, एक टेबल, त्यावर तपासणीचा लॅपटॉप, एक माइक. तिथे दिवा मालवून बसलं की आपलंच रक्त कानात ऐकू येतं. चांगले चांगले गडी अर्ध्या तासात दार ठोठावतात. पण ठोठावलेलंही बाहेर येत नाही. बाहेरच्या पडद्यावर रेघ उडते, तेवढंच.

"ताई, अजून एकदा मोजते," यि-रोंग म्हणाली. "शेवटचं."

"आज नको जाऊस आत," ताईने डब्याचं झाकण लावलं. आवाज खाली आणला. "आज अंगणात पान मांडलं होतं ना..."

सातव्या महिन्याचं पान. या महिन्यात मेलेले मोकळे सुटतात, त्यांना जेवायला वाढायचं; पण भुतं म्हणायचं नाही, भाऊमंडळी म्हणायचं. अंगणात टेबलं लावायची, बिस्किटं, फळं, सरबताचे डबे, हात-तोंड धुवायला पाण्याचं घमेलं, कोरा पंचा. यजमानाने उदबत्ती लावून बोलावायचं, उदबत्ती जळेपर्यंत थांबायचं, आणि मग हात जोडून म्हणायचं, जेवण झालं, आता आपापल्या वाटेने जा. यंदा कंपनीतर्फे यजमान काओ साहेब.

"परदेशी पाहुणे यायचे होते म्हणून त्यांनी पेटत्या उदबत्त्या घमेल्यात बुडवल्या," ताई म्हणाली. "टेबलं उचलायला लावली. जेवायला बोलावलेल्यांना 'जा' कुणी म्हणालंच नाही. बाहेर ऊन, गोंगाट. ते कुठे जातील, सांग... जिथे शांत आहे तिथेच ना?"

"ताई, घाबरवू नका हो."

"घाबरवत नाहीये. लो गेला तेव्हा मी इथे होते, मॉप घेऊन. पडद्यावरची रेघ वेड्यासारखी उडत होती. तो आतून ओरडत होता गं... आणि काओ इथे उभा होता. म्हणाला, 'च्च. हा गोंगाट कसला.' पडदा बंद केला आणि जेवायला गेला. मला वाटलं, मोठा माणूस आहे, त्याला कळत असेल." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. चीड होती, जुनी, मुरलेली.

वर जाऊन त्या माणसाची कॉलर धरावी असं यि-रोंगला वाटलं. पण तोच खाली आला. पायऱ्यांवर आधी च्च ऐकू आलं.

"दोघी गप्पा मारताय? वा! इकडे पाहुणे माझं डोकं खातायत."

"साहेब," यि-रोंग म्हणाली, "पंखा फर्मवेअरने गप्प व्हायचा नाही. तुम्ही यजमान होता. आत जा आणि लोला 'जा' म्हणा. एवढंच करा."

काओ हसले. "एवढी शिकलीस आणि अक्कल मात्र गहाण टाकलीस! बरं. म्हणतो. पण मग निमूट काम कर."

ते आत गेले. ताईने दार लावलं. बोलायच्या स्पीकरमधून त्यांचा आवाज येत होता, अगदी कानाला लागून बोलल्यासारखा.

"लो, ऐकतोयस? तुला काय सांगितलं होतं मी? पंखा गप्प झाला की जा. झाला का गप्प? नाही ना? मग बस इथेच, हलायचं नाही."

"असं नका हो..." यि-रोंग स्पीकरच्या बटणावर हात दाबून म्हणाली. "नुसतं 'जा' म्हणा..."

स्पीकरमध्ये पंखा चढायला लागला. चढत राहिला. नेहमी थांबायचा तिथे थांबला नाही. जळक्या उदबत्तीचा ओला वास दाराच्या फटीतून आला.

"दिवा कुणी घालवला?" काओ म्हणाले. मग, "कोण आहे...? अरे, सरका... किती जण आहात..."

स्पीकर खरखरला आणि बंद पडला. पडद्यावर रेघ उडाली. पार वर, पडद्याच्या बाहेर.

यि-रोंगने दाराची मूठ धरली. तिच्या हातावर ताईचा हात आला. खरबरीत, थंड, घट्ट.

"च्च," ताई म्हणाली. "हा गोंगाट कसला."

यि-रोंगने हात झटकायला हवा होता. ती ताईपेक्षा तरुण होती, जोर होता. पण ती रेघेकडे बघत राहिली, आणि तिच्या मनात आलं, बरं झालं. हो, तसंच आलं. मग लेकीचं तोंड आठवलं आणि तिने ओरडून मूठ खेचली. तोवर रेघ खाली आली होती. रिकाम्या खोलीची असते त्याहूनही खाली.

काओ खुर्चीत नीट बसले होते. दिवा चालू होता. टेबलावरचा लॅपटॉप गप्प होता.

"झालं, धाकटे," ते म्हणाले. "गप्प झाला. सोडून दे सगळ्यांना."

धाकटे. ही तर लोची हाक. ते उठले, तिच्या शेजारून गेले, पायऱ्यांपाशी वळले. "मी घरी निघतो गं. आई कधीची वाट बघत असेल."

काओंची आई जाऊन कैक वर्षं झाली होती. ते वर चढताना तिला त्यांचा श्वास ऐकू येत राहिला. हळूहळू चढणारा, मध्येच थांबणारा, हिसक्याने उतरणारा. ताईने पायऱ्यांच्या दिशेने हात जोडले आणि म्हणाली, "जेवण झालं. जा बाबा, जा."

यि-रोंगने नवं फर्मवेअर सोडलं. जगभरच्या सगळ्या यंत्रांवर. पंखा खरंच गप्प होता, मग का सोडू नये? बॅग उचलली आणि पळत सुटली.

थायनानला जेवणं आटोपली होती. मिल्कफिश माशाच्या रश्श्याचा वास घरभर होता. लेक गळ्यात पडली आणि यि-रोंग ढसाढसा रडली. आजी म्हणाली, "रडतेस काय? आलीस ना घरी!" यि-रोंगने बॅगेतून स्वतःचा लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. तेच मॉडेल. झाकण बंद.

लेक चित्र दाखवायला आली. हत्ती होता, निळा.

च्च.

यि-रोंग दचकली. तिने झाकण उघडलं. नवं फर्मवेअर आपोआप उतरलं होतं. पंखा फिरत नव्हता.

च्च.

तिने चार्जर ओढला. स्क्रू काढून खालची पाठ उघडली, बॅटरीची वायर उपटली, पंखाच बाहेर काढून तळहातावर ठेवला. थंड, धुळकट, अचल.

"ऐकलंस?" ती कुजबुजली. "अजून करतोय... ऐक..."

च्च.

"आई," लेक म्हणाली. चित्र छातीशी धरून ती आजीच्या मागे सरकत होती. "ते त्याच्यातून नाही येत. तू करतेयस."