लाल किंवा तपकिरी

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा ती अस्वलाच्या डोक्यात अडकली होती.

खरोखरचीच अडकली होती. नाटकांसाठी पोशाख भाड्याने देणारं मावशीचं दुकान. अस्वलाच्या मुखवट्यात नीट श्वास घेता येतो की नाही, हे कुणीतरी घालून बघायला हवं होतं, आणि असली कामं नेमकी तिच्याच गळ्यात पडायची. मानेमागचा हूक जाम झाला. हात केसाळ पंजांत. अस्वलाच्या उघड्या जबड्यातून दिसेल तेवढंच जग, आणि त्या जगात अचानक एक निळा शर्ट आला.

“इथे... कोणी आहे का?” शर्टाने विचारलं.

“आहे ना,” अस्वल म्हणालं. “आधी मागचा हूक काढा, मग काय ते बोला.”

हूक निघता निघेना. थंडगार बोटं तिच्या मानेला लागली, “सॉरी” ऐकू आलं, पुन्हा लागली, पुन्हा “सॉरी”. शेवटी डोकं निघालं. आतून घामाने चिकटलेले केस, लाल झालेलं नाक आणि कॉलरला ओळीने खोचलेल्या टाचण्या असा सगळा ऐवज बाहेर आला. तो बघतच राहिला. मग भानावर येऊन म्हणाला, “मी कॉम्प्युटरचं काम करायला आलोय.”

“आणि मी अस्वलाचं,” ती म्हणाली.

मावशी तिला टाचणी म्हणायची. कॉलरवर जेवढ्या टाचण्या असत त्याहून जास्त जिभेवर असत, म्हणून.

काम मोठं होतं. दुकानातला प्रत्येक कोट, झगा, शेपटी आणि मुकुट कॉम्प्युटरमध्ये भरायचा होता. रंग कोणता, प्रकार कोणता, माप मोठ्यांचं की मुलांचं, सध्या दुकानात आहे की बाहेर गेलाय. मग गिऱ्हाइकाने काही मागितलं की अटी टाकायच्या, आणि त्या अटींत बसेल तेवढ्या मालाची यादी हजर. ती एकेक पोशाख उचलून सांगायची, तो टाइप करायचा. “हा रंग कोणता लिहू?” तो विचारायचा. “दिसत नाही? मोरपंखी.” “मला निळाच दिसतोय.” “मग इकडे उजेडात या.” उजेडात यायला जागा फार थोडी होती... दोघांपैकी कोणाचीच त्याबद्दल तक्रार नव्हती.

एका दुपारी तिने पहिल्यांदा स्वतः अटी टाकल्या : निळा किंवा हिरवा, आणि झगा, आणि मोठ्यांच्या मापाचा. यादी आली ती भलतीच. बाळांची निळी टोपडी, निळ्या मिशा, निळ्या घोड्याचं मागचं अंग.

“याचं डोकं फिरलंय.”

“नाही फिरलं,” तो खुर्ची सरकवून जवळ आला. “हा ‘आणि’ आधी सोडवतो, ‘किंवा’ नंतर. गणितात नाही का, गुणाकार आधी, बेरीज नंतर... तसं. म्हणजे त्याने काय वाचलं? हिरवा असेल तर झगाच हवा, मोठ्यांचाच हवा. निळा असेल तर — काहीही चालेल.”

“निळ्याचे एवढे लाड?”

“‘निळा किंवा हिरवा’ला कंसात घाला. मग पुढच्या सगळ्या अटी दोघांनाही लागतील.” त्याने आवाज खाली आणला. “बोलताना तुम्ही जिथे श्वास घेता ना... तिथे कंस मिटतो. या बिचाऱ्याला तुमचा श्वास ऐकू येत नाही, म्हणून लिहून दाखवायचा.”

तुमचा श्वास! तिच्या श्वासाची दखल आजवर फक्त सर्दी झाल्यावर मावशीने घेतली होती. ते वाक्य तिने मनातल्या मनात घडी घालून ठेवून दिलं.

“आता परीक्षा,” तो म्हणाला. “मला शोधायचाय उंच किंवा हसरा, आणि रविवारी मोकळा असलेला माणूस. कंस घातला नाही तर?”

“तर उंच माणूस रविवारी कामात असला तरी गळ्यात पडेल.”

“आणि घातला तर?”

तो काही उंच नव्हता. हसरा मात्र... “तर रविवारी कोण मोकळं आहे, ते विचारावं लागेल,” ती म्हणाली आणि उगीचच बटणांच्या डब्यात डोकं खुपसलं.

“मी आहे,” तो म्हणाला.

ती उत्तर देणार, तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि राणीसाहेब आत आल्या.

ही टाचणीनेच मनातल्या मनात दिलेली पदवी. गावातल्या नाटकमंडळीची नायिका होती ती. नव्या नाटकात राणी झाली होती. मानेची ठेवण अशी, की मुकुट नसतानाही तो दिसावा. कपडे बघायला म्हणून आली, आणि मग रोजच यायला लागली. कधी पट्टा सैल होता, कधी बाही घट्ट होती. बाहीचं काम टाचणीकडे असायचं, पण राणीसाहेब बसायच्या त्याच्या टेबलाशी. “जादूगार, आज काय काढून दाखवणार?” असं म्हणायच्या आणि तो कानापर्यंत हसायचा.

अशाच एका दुपारी टाचणी कपाटामागे बसून झालर टाचत होती. ऐकायचं नाही असं ठरवून बसलं की सगळं कसं स्पष्ट ऐकू येतं!

“बोलताना तुम्ही जिथे श्वास घेता ना,” कपाटापलीकडून त्याचा आवाज आला, “तिथे कंस मिटतो.”

सुई थेट बोटात गेली.

“अय्या! श्वास कुठे घ्यायचा, यावर तर आमचं पोट चालतं,” राणीसाहेब म्हणाल्या, आणि दोघं हसली. दोघंही!

टाचणीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तेच वाक्य. तोच खाली आणलेला आवाज. इतके दिवस जपून ठेवलेली वस्तू दुसऱ्या कुणाच्या हातात दिसावी, तसं तिला झालं. पुढे राणीसाहेब म्हणत होत्या, “चला ना आमच्याबरोबर दौऱ्यावर. रंगमंचावरचे दिवे आता कॉम्प्युटरवरच चालतात. तुमच्यासारखा माणूस हवाय आम्हाला.” त्यावर तो काय म्हणाला ते मात्र ऐकू आलं नाही, कारण मावशीचं शिलाई मशीन सुरू झालं.

“टाचणी,” मशीनवरून मावशी ओरडली, “यांच्या सैनिकांची यादी काढ! लाल किंवा तपकिरी कोट, मोठ्यांचे, दुकानात असतील ते!”

ती मावशीच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरशी गेली. लाल किंवा तपकिरी आणि कोट आणि मोठ्यांचा आणि दुकानात असलेला. बोटं टाइप करत होती, कान कपाटापलीकडे होते. निघालेला कागद तिने न बघताच गोदामातल्या काकांच्या हातात दिला आणि पुन्हा झालरीशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाटकाच्या दिग्दर्शकाचा फोन आला. फोन कानापासून हातभर लांब धरूनही सगळ्या दुकानाला ऐकू येत होता.

“माझं सैन्य कुठंय? पेटाऱ्यातून टोमॅटो निघालाय! माणसाएवढा टोमॅटो! माशाची शेपटी निघाली, बाळाचं झबलं निघालं, आणि कोट म्हणाल तर निम्मे पोरांच्या मापाचे! संध्याकाळी रंगीत तालीम आहे!”

मावशीने काकांकडे बघितलं.

“यादीत होतं, भरलं,” काका शांतपणे म्हणाले. “म्हटलं, हल्ली नाटकं कशीही असतात.”

मग मावशीचा मोर्चा त्याच्याकडे वळला. “तुमच्या यंत्रावर विसंबले हीच माझी चूक. उचला ते, आणि निघा.”

तो मावशीच्या टेबलाशी गेला. अटी अजून तशाच होत्या. त्याने वाचल्या. एकदा टाचणीकडे बघितलं. मग वळून म्हणाला, “माझंच चुकलं. मी नीट...”

“त्यांचं काही चुकलेलं नाही, मावशी,” तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. “‘लाल किंवा तपकिरी’ला कंस मी घातला नाही. म्हणून जे जे लाल, ते सगळं गेलं.”

“रोज तर बरोबर घालतेस! लक्ष कुठे होतं तुझं?”

“कपाटापलीकडे,” ती म्हणाली, आणि कान तापायच्या आत तिथून पळाली.

नवी यादी घेऊन तो मागोमाग आला. कोटांच्या दोन रांगांमध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी वाट. ती कोट ओढून त्याच्या अंगावर फेकत होती, तो झेलत होता.

“तुम्ही रागावलात माझ्यावर.”

“मी कोण रागावणारी? धरा.”

“कपाटापलीकडे मी होतो.”

“तुम्ही होतात, त्या होत्या, आणि श्वास होता!” आणखी एक कोट. “तेच वाक्य! जसंच्या तसं! आवाजसुद्धा तेवढाच खाली!”

त्याला क्षणभर कळेचना. मग तो हसायला लागला. “अहो, ते मी सगळ्यांनाच सांगतो. मागच्या कामाला बँकेतल्या साहेबांनाही सांगितलं होतं. आवाज खाली आणला की माणसं लक्ष देऊन ऐकतात.”

“म्हणजे मी आणि बँकेतले साहेब सारखेच!”

“नाही... तसं नाही...”

“पुरे. एकोणतीस नंबरचा कुठंय?”

गाडीत ती मध्ये, काका गाडी चालवायला, आणि तो दाराशी. मांडीवर कोटांचा ढीग, त्याला कापराचा वास. प्रत्येक वळणावर खांद्याला खांदा लागत होता, आणि ती प्रत्येक वळणावर ताठ होत होती. दौऱ्याबद्दल विचारायचं तिच्या ओठांवर येत होतं, पण ती विचारणार नव्हती. मुळीच नाही.

रंगमंदिरात सैनिक कोट चढवायला धावले, तो त्यांना मापाप्रमाणे कोट वाटत राहिला, आणि टाचणीला बोलावणं आलं. राणीच्या कमरेचा पट्टा पुन्हा सैल झाला होता.

“टाचणी जरा खोल गेली तरी चालेल,” आरशातून तिच्याकडे बघत राणीसाहेब म्हणाल्या. “तुला आज तसंच वाटत असेल.”

टाचणीचा हात थांबला.

“मी त्याला दौऱ्यावर ये म्हटलं. खोटं कशाला बोलू, फक्त दिव्यांसाठी नाही म्हटलं.” आरशातला चेहरा अजूनही राणीचाच होता, आवाज मात्र साधा झाला होता. “नाही म्हणाला. दुकानातलं काम बाकी आहे म्हणे. मी आधी तुझ्या मावशीला विचारलं होतं. त्या म्हणाल्या, काम तर केव्हाच संपलंय, हा बसून बटणं भरतोय, आणि तीही फुकट.”

“बटणं?”

“एकेक बटण. रंग, भोकं किती, सगळं. मला वाईट वाटलं, पण मग हसूही आलं.” तिने मान सरळ केली. “लाव आता टाचणी. बेताने हं.”

टाचणीने ती इतकी अलगद लावली, की आयुष्यात कुणाला लावली नसेल.

तालीम सुरू झाली तेव्हा तो प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेत एकटाच बसला होता. ती अंधारात चाचपडत त्याच्या शेजारच्या खुर्चीपर्यंत गेली. रंगमंचावर लाल आणि तपकिरी सैन्य उभं होतं, आणि मधोमध राणी. राणीच काय ती दिसत होती.

“सुंदर दिसतात,” ती नाइलाजाने कुजबुजली.

“कोण?”

तिने वळून बघितलं. तो रंगमंचाकडे बघतच नव्हता.

“बटणं कोणी भरायला सांगितली तुम्हाला?”

अंधारातही त्याची चलबिचल कळली. “कोणीच नाही.”

“किती भरलीत?”

“उद्यापासून दुकानात कामाला येणार नाही मी,” तो एकदम म्हणाला.

“मावशी बोलली ते मनावर घेतलंत? तिचा राग दोन मिनिटांचा...”

“तसं नाही. काम संपलंय. कधीचंच संपलंय. रोज नवं निमित्त काढून मी थकलोय.” तो थांबला. पुढचं बोलताना त्याचा आवाज खाली आला नाही, नुसता थरथरला. “उद्यापासून नुसता येईन म्हणतो. काही काम नसताना. तुम्हाला भेटायला. येऊ?”

रंगमंचावरून राणीने हात उंचावला, सैन्य गुडघ्यावर बसलं, सगळे दिवे तिच्यावर गेले. टाचणीने तिकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्च्यांमधल्या अरुंद लाकडी हातावर त्याचा हात होता. तिने आपला त्यावर ठेवला. ती ‘या’ म्हणणार होती. इतके दिवस अहो-जाहो चालत आलं होतं, तसंच सभ्यपणे ‘या’ म्हणायचं तिने ठरवलंही होतं.

“ये,” ती म्हणाली.